सावळेरामची बरगडी

बेल्ह्याच्या बैलबाजारात राजमहंमद दलालाबद्दल जे सांगतात, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं त्यानं स्वतःच पसरवलेलं आहे. एकदा म्हणे त्यानं मेलेला बैल विकला. घेणाऱ्यानं टेम्पोत घालून घरी नेला, दावणीला बांधायला गेला तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. तसाच उलट्या पावली परत आला. राजमहंमदनं त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "पावणं, चारा मागत न्हाई, लाथ मारत न्हाई, उसात शिरत न्हाई. असा गुणी बैल उभ्या जुन्नर तालुक्यात दुसरा दाखवा." गडी विचार करत करत घरी गेला, आणि पुढच्या सोमवारी तसलाच जोडीला दुसरा मागायला आला.

खरं होतं ते एवढंच, की राजमहंमदच्या खांद्यावर एक पांढरं उपरणं असायचं आणि बाजारातला निम्मा सौदा त्या उपरण्याखाली व्हायचा. घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात, वर उपरणं. आत बोटं बोलायची. बाहेर तोंडं कांद्याच्या, पावसाच्या आणि कुणाच्या उसात बिबट्यानं पिलं घातली याच्या गप्पा मारायची. या धंद्याचे नियम त्याला नमाजाइतके पाठ होते. दुसऱ्याच्या जनावराची खोड आपण बोलायची नाही. उपरण्याखालचं बोलणं उपरण्याखालीच मरू द्यायचं. आणि एकदा मोठ्यानं बोललं की तो सौदा, मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरायचं नाही.

त्याची एकुलती लेक उजमा या उपरण्याखालीच वाढली. शाळेची सहल असो, ईदचा ड्रेस असो, बापलेकीचा व्यवहार बोटांनीच व्हायचा. बारावीनंतर पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं, हेही तिनं उपरण्याखालीच कमावलं. आई शमा चुलीपुढून ओरडायची, "अहो, पोरगी हाय का कालवड?" आणि दोघं हसून हात आणखी आत ओढायची.

उजमा शिकली, आणि लई शिकली. बेंगळुरात मोठ्या कंपनीत लागली. यंत्राला चित्रं ओळखायला शिकवायची, हे तिचं काम. आधी यंत्राला मांजर आणि कुत्रं यांतला फरक शिकवला, मग पिकलेलं आणि कच्चं टमाटं. जुन्नरमध्ये लोक म्हणायचे, राजूभाईची पोरगी मशीनला डोळं बसवते. राजमहंमद म्हणायचा, "डोळंच न्हाईत, भिवया बी."

मग शमाला खोकला लागला. तिच्या छातीचा फोटो काढला. फोटो वाचणारा डॉक्टर त्या दवाखान्यात अधूनमधून यायचा, आणि त्या वेळी तो रजेवर होता. फोटो खाकी पाकिटात घालून कपाटात ठेवला गेला. डॉक्टर परत आला, त्यानं पाकीट उघडलं, फोटो उजेडात धरला आणि घाईनं विचारलं, "पेशंटला बोलवा, पेशंट कुठंय?" पेशंट तोवर जुन्नरच्या कबरस्तानात होती.

उजमानं बेंगळूर सोडलं. छातीचा फोटो काढल्या काढल्या जागेवर वाचणारं यंत्र तिनं केलं, आणि त्याच्याभोवती कंपनी उभी केली. कंपनी म्हणजे ती, फोटो काढायला पुण्याहून आणलेला एक तंत्रज्ञ आणि एक टेम्पो. यंत्राचं नाव तिनं शमा ठेवलं. छाती चांगली असली की शमा हिरवा दिवा लावायची, टीबीचा संशय आला की लाल. आणि टेम्पोच्या पाठीला उजमानं एक भला मोठा पडदा लावून घेतला. ज्याचा फोटो निघेल त्याची छाती सगळ्यांना दिसली पाहिजे. एक फोटो कपाटाच्या अंधारात पडून राहिला म्हणून घरातली बाई गेली होती. आपल्याकडं काहीही झाकून राहणार नाही, अशी तिनं शपथच घेतली होती.

ही शपथ तिला फार महाग पडणार होती, पण ते तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. शिकलेल्या माणसाला उजेडाची भीती वाटत नाही.

शमा आधी परदेशातल्या छात्या बघून शिकली होती. आता तिला इकडच्या छात्या शिकवायच्या होत्या: बारा महिने धुळीत, धुरात, उसाच्या पाचटात वावरलेल्या. त्यासाठी उजमानं जवळच्या डिंगोरे गावात शिबिर घेतलं. रीत साधी होती. माणसाच्या छातीचा फोटो टेम्पोत काढायचा. त्याच माणसाचा बेडका बंद डबीत घालून सरकारी दवाखान्यात तपासायला पाठवायचा. बेडक्यात टीबी निघाला की त्या नावाचा फोटो शमाला दाखवून सांगायचं, ही बघ, आजारी छाती अशी असते.

"माणसं मी गोळा करतो," राजमहंमद म्हणाला. "जल्मभर जनावरं गोळा केली. माणसं तर स्वतःच्या पायानं येत्यात."

आणि आली की! डिंगोऱ्याच्या पारापुढं यात्रेगत रांग लागली. राजमहंमद टेम्पोच्या समोर खुर्ची टाकून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत, मधूनच उपरण्यात खोकत. सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते, कारण नियमच होता. पुण्याचा तंत्रज्ञ नाव विचारायचा, फोटो काढायचा, पुढचा. असे दिवस गेले. फोटोंचा ढीग झाला. उजमा शमाला शिकवत राहिली, आणि मग थोडे फोटो बाजूला काढून तिनं तिची परीक्षा घेतली. डिंगोऱ्याचा एकही आजारी माणूस शमाच्या नजरेतून सुटला नाही. उजमा आईच्या कबरीवर जाऊन आली.

पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीला हे कळलं. शमा विकत घेऊन चार जिल्ह्यांत गाड्या फिरवायच्या, असा त्यांचा बेत होता. कंपनीच्या स्नेहल मॅडमनी एकच अट घातली. "मी निवडीन ती माणसं उभी करायची. गर्दीतली, कोणतीही." राजमहंमद म्हणाला, "मग सोमवारी बेल्ह्याला या. तिथं माणसाला तोटा न्हाई आणि निवडायला कुणाची ना न्हाई."

सोमवारी बाजार भरला. एका अंगाला खिलारांच्या दावणी, दुसऱ्या अंगाला शेळ्या, मध्ये टेम्पो आणि त्याच्या पाठीवर तो पडदा. बैलांच्या शिंगांना रंग दिलेला, माणसांनी टोप्या कडक केलेल्या. स्नेहल मॅडमनी गर्दीवरून नजर फिरवली आणि एका खोकणाऱ्या माणसाकडं बोट केलं.

तो पारगावचा गेणू. हंगामात बैलगाडीनं कारखान्याला ऊस ओढणारा. एक बैल म्हातारा झाला म्हणून नव्याच्या शोधात आला होता, बायको साळुबाई बरोबर. गेणू टेम्पोत चढता चढता म्हणाला, "मॅडम, छातीत काय निघालं तर निघू द्या, पण मनात काय हाय ते पडद्यावर दाखवू नका. बायकू समोर हाय."

बाजार हसला. शमानं फोटो पाहिला आणि हिरवा दिवा लावला.

"बघ," गेणू साळुबाईला म्हणाला, "म्हणत नव्हतो मी? तंबाखूचा खोकला हाय."

मग आला सावळेराम. डिंगोऱ्याचा पैलवान, छाती दरवाजाएवढी, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "आता माझ्या नावानं काढा की एकदा," म्हणत तो स्वतःच चढला. त्या बोलण्याचा अर्थ उजमाला तेव्हा लागला नाही. फोटो पडद्यावर आला आणि शमानं लालभडक दिवा लावला.

बाजारात हसण्याचा असा लोंढा उठला की दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. "आरं, ह्याला टीबी, तर मग आमी कवाच मेलोय!" "मशीनला चष्मा लावा राव!" सावळेरामनं दंड थोपटले. स्नेहल मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी मोबाइलवर काहीतरी टिपलं.

लेकीचा सौदा हातचा जातो, हे राजमहंमदनं त्या आठीवरून ओळखलं. असल्या वेळी दलाल काय करतो? नवं जनावर पुढं करतो. त्यानं उपरणं झटकलं, टोपी सारखी केली, टेम्पोत चढला आणि ओरडला, "दलालाची छाती बघा! हिच्यात खोट निघाली तर बाजार सोडीन!"

फोटो पडद्यावर आला. शमानं हिरवा दिवा लावला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, मॅडमची आठी थोडी सैल झाली.

उजमा मात्र दिव्याकडं बघतच नव्हती. पडद्यावर उजव्या बाजूला, वरच्या टोकाला, गळ्याच्या हाडाखाली पिंजलेल्या कापसासारखा एक पांढरा पुंजका होता. आईच्या फोटोतही तो तिथंच होता. खाकी पाकिटातला तो फोटो तिनं इतक्या वेळा पाहिला होता की झोपेतून उठवून काढायला सांगितला असता तरी तिनं काढला असता.

"चूक आहे," ती म्हणाली. आणि कुणी ऐकलं नाही म्हणून टेम्पोवरच्या माइकमध्ये म्हणाली, "दिवा चुकलाय. अब्बांच्या छातीत डाग आहे. तो बघा, तिथं."

सगळ्या बाजारानं बघितलं. पडदा मोठाच होता.

टेम्पोच्या दारापाशी उभा होता तो माणूस एक पाऊल मागं सरकला. मग त्याच्या शेजारचा सरकला. गेणूनं खालून हाक दिली, "ताई, मंग माझं काय? मला बी हिरवाच लागलाय न्हवं?"

"तुम्हीही बेडका तपासून घ्या, गेणूभाऊ. यंत्रावर जाऊ नका."

गेणूचा चेहरा उतरला. साळुबाईनं पदर तोंडाला लावला. स्नेहल मॅडमनी पर्स बंद केली, "दुरुस्त झालं की कळवा," म्हणाल्या आणि चिखल चुकवत गाडीकडं गेल्या. राजमहंमद टेम्पोतून उतरला, तेव्हा त्याच्यापुढं वाट आपोआप मोकळी झाली.

घरी जुन्नरला येऊन उजमा फोटोंचा ढीग उपसायला बसली. शमानं लाल ठरवलेले डिंगोऱ्याचे फोटो तिनं एकापुढं एक लावले. नावं वेगळी, वयं वेगळी, छात्या धिप्पाड. आणि प्रत्येक फोटोत डाव्या बाजूची एक बरगडी मोडून वाकडी सांधलेली. विळ्यासारखी. सावळेरामच्या फोटोतही तीच.

"अब्बा," तिनं विचारलं, "सावळेरामची बरगडी कधी मोडली?"

"ओतूरच्या जत्रेत. बैलानं शिंग घातलं," राजमहंमद भिंतीकडं बघत म्हणाला. बाजारातून आल्यापासून तो तिच्याकडं बघत नव्हता. "का?"

"डिंगोऱ्यातल्या सगळ्या आजारी माणसांची तीच बरगडी कशी मोडली?"

राजमहंमदला हसू आवरलं नाही. हसता हसता खोकला आला आणि खोकता खोकता तो म्हणाला, "सावळ्याच हाय की तो समद्यात! ज्याला ज्याला खोकला, त्याच्या नावावर सावळ्या हुबा ऱ्हायला. कुणाची टोपी घालून, कुणाचा सदरा घालून. गावानं त्याला त्या आठवड्यात एवढी अंडी चारली की डिंगोऱ्यातल्या कोंबड्या गाव सोडून पळाल्या. एवढं फोटो काढलं गड्यानं, की आता म्हणं बिबट्या बी त्याच्यापुढं डोळं मिटून घेतो."

"आणि बेडका?"

"बेडका ज्याचा त्याचा. डबी बंद, कुणाला दिसत न्हाई. औषध तर समद्यांनाच पाहिजे व्हतं. पर छाती? गावाच्या पारापुढं, एवढाल्या पडद्यावर? ज्याच्या घरात लग्नाची पोरगी, तो छाती उघडी करंल व्हय? बैलाची खोड तरी कुणी बाजारात दाखवतं का?"

उजमा भिंतीला टेकली. शमानं शिकवल्याबरहुकूम शिकलं होतं. आजारी म्हणून जे जे दाखवलं, त्यात वाकडी बरगडी होती. बरगडी वाकडी तर आजारी, अख्खी तर ठणठणीत. एवढं सोपं उत्तर हाताला लागल्यावर फुप्फुसाकडं बघतंय कोण? परदेशातून शिकून आलेलं सगळं ती इथं येऊन विसरली होती. परीक्षेतही सावळेरामच होता, म्हणून पासही झाली होती.

"तुम्ही समोर बसला होतात, अब्बा. तुम्ही त्याला ओळखलं नाही?"

"मी? मी त्याला पाठमोरा ओळखतो."

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याच्या जनावराची खोड आपण बोलायची न्हाई," राजमहंमद म्हणाला, आणि आता पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं पाहिलं. "मी तर कुणाची बोललो न्हाई. तू बापाची बोललीस. भर बाजारात. माइकवर."

त्यानंतर त्यानं बेडका द्यायला साफ नकार दिला. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचा, "शमानं सांगितलंय मी चांगला हाय. तुझी आई कवा खोटं बोलली न्हाई. तू कोण?" गावातून त्याला फोन येईनासे झाले. ज्या बैलासाठी तो गेले कित्येक दिवस माणूस बघत होता, तो बैल दुसऱ्याच दलालानं विकला. ओट्यावर चहाला येणारे आता रस्त्यावरूनच हात करायचे. आणि एके दिवशी धुण्यात उजमाला उपरणं सापडलं, त्याला तांबडा डाग. "पान खाल्लं व्हतं," तो म्हणाला. राजमहंमदनं आयुष्यात पान खाल्लेलं नव्हतं.

शनिवारी तो ओट्यावर बसला होता. उजमा त्याच्या शेजारी बसली, धुतलेलं उपरणं तिनं त्याच्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. तो दचकला. मग सवयीनं त्याचा पंजा उघडला.

"यंदा कांद्याला काही भाव दिसत नाही," ती म्हणाली, आणि आत त्याचा अख्खा पंजा दाबून वर एक बोट धरलं. पाच आणि एक. सहा महिने गोळ्या.

"पाऊस बी चुकला," तो म्हणाला, आणि तिच्या तळहातावरून आपला तळहात आडवा फिरवला. नाही.

तिनं पुन्हा पंजा दाबला, पुन्हा बोट. त्यानं पुन्हा हात फिरवला. त्याचा हात किती वाळला होता, हे तिला उपरण्याखालीच कळलं, डोळ्यांना कळलं नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं सोडलंच नाही. तेव्हा तो थांबला. त्याला जे मागायचं होतं त्यासाठी बाजारात बोट नव्हतं. म्हणून त्यानं हात तसाच धरून ठेवला आणि ओठ न हलवल्यासारखं बोलला.

"सोमवारी टेम्पोवर हुबी ऱ्हा. मोठ्यानं सांग. शमा बरोबर व्हती, चूक माझी व्हती. माझ्या बापाची छाती चांगली हाय. एवढं कर, मग गोळ्या खातो. गपचीप खातो. सहा म्हैनं म्हणशील तर सहा म्हैनं."

"आणि गेणूभाऊ? त्यांनाही हिरवाच दिवा लागलाय. मी असं म्हटलं तर ते तपासायला जाणार नाहीत."

"दुसऱ्याचं जनावर," राजमहंमद म्हणाला.

गेणूला मागाहून एकटं गाठून खरं सांगता येईल, असं उजमानं स्वतःला सांगितलं. आणि बापाचं बोट दाबलं. कबूल.

सोमवारी ती टेम्पोवर उभी राहिली. जे ठरलं होतं ते तिनं माइकवर बोललं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बाजारानं ऐकून घेतलं. कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्या माणसाचं असंच, आधी बोंब आन् मग हिशेब." कुणीतरी राजमहंमदच्या पाठीवर थाप मारली. दुपारपर्यंत त्याच्या उपरण्याखाली पहिल्यासारखे हात यायला लागले.

गेणू हसत हसत तिच्याकडं आला. "बरं झालं ताई! आज बाजार सोडून दवाखान्यात निघालो व्हतो, ही मागं लागली म्हणून. वाचवलंत."

उजमानं त्याला चहाच्या टपरीमागं नेलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. यंत्र चुकलंय, तुमचा खोकला चांगला नाही, आत्ताच्या आत्ता जा. गेणूनं शांतपणे ऐकलं. मग त्याच्या डोळ्यांत ती बाजारातली बारीक चमक आली.

"ताई, टेम्पोवर एक आन् कानात एक? मी बी जल्मभर बैलं घेतोय. कानात बोलत्यात ती दलाली, मोठ्यानं बोलत्यात तो सौदा. तुमचं कुठं काय अडलंय ते मला ठावं न्हाई, पर मला नका गुतवू." आणि तो दावणीकडं निघून गेला.

पुण्याला ही बातमी उडत उडत गेली. स्नेहल मॅडमचा फोन आला, "ऐकलं की यंत्र बरोबरच होतं?" उजमानं खरं सांगितलं. "म्हणजे तुम्ही बाजारात खोटं बोललात, की आत्ता मला?" मॅडमनी विचारलं. "दोन्हींपैकी काहीही असलं तरी आम्हाला असा माणूस चालणार नाही." त्यात त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

शमाला पहिल्यापासून शिकवायचं, तर खऱ्या छात्या हव्या होत्या. उजमा पडदा काढून टाकून डिंगोऱ्यात गेली. पारावरची माणसं म्हणाली, "मशीन बरोबर हाय असं तुमीच बोललात की. मंग परत कशापायी?" ती एकटीच बसून राहिली, फक्त सावळेराम आला, नवा सदरा घालून, आज कुणाच्या नावानं उभं राहू म्हणून विचारायला. पुढं टेम्पो विकला, तो नारायणगावला टमाटं वाहतो. पडदा लग्नात वाजवणाऱ्या एका बँडवाल्यानं नेला. आता त्याच्यावर नवरानवरीचे फोटो दिसतात.

राजमहंमदनं मात्र दिला शब्द पाळला. गोळ्या जनावरांच्या जंताच्या औषधाच्या डब्यात ठेवायचा आणि पहाटे फजरच्या नमाजाआधी उठून, दार लावून खायचा. एक दिवस चुकवला नाही. खोकला गेला, ताप गेला, गाल भरले. शेवटी शेवटी तर तो असा तुकतुकीत झाला की लोक म्हणायचे, राजूभाईनं स्वतःच्याच शिंगाला तेल लावलंय. सहा महिने भरले, डॉक्टर म्हणाले बरा झाला, आणि डबा पुन्हा जंताच्या औषधाचा झाला.

हंगाम संपला होता. सोमवारी गेणू आणि साळुबाई बेल्ह्याला आली. गेणूला उजमानं आधी ओळखलंच नाही. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबत होता.

"गेणूभाऊ, बेडका तपासलात?"

"कशाला? हंगाम लई ओढला औंदा, म्हणून वाळलोय."

"तपासा हो. पाया पडते."

साळुबाई मध्ये पडली. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "ताई, ह्यांना बी हिरवाच दिवा लागला व्हता आन् तुमच्या वडलांना बी. बघा त्यांच्याकडं. कसं टमाट्यागत झाल्यात. मशीन खोटं असतं, तर ते असं झालं असतं का?"

तेव्हा उजमानं कानात बोलणं सोडलं. बाजाराच्या मधोमध उभी राहून ती ओरडली, "अब्बांनी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्यात! म्हणून बरे झालेत! यंत्र खोटं आहे, मी खोटं बोलले!"

चार माणसं वळली, मग चाळीस वळली. सगळ्यांनी राजमहंमदकडं पाहिलं. तो खिलारांच्या दावणीपाशी उभा होता, खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं.

"काय राजूभाई," गेणूनं विचारलं, "खाल्ल्या का गोळ्या?"

राजमहंमदनं लेकीकडं पाहिलं. एवढ्या लांबून त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला नीट दिसलं नाही. मग त्यानं छातीवर थाप मारली, ढोलासारखा आवाज आला.

"म्या? आन् गोळ्या?" तो म्हणाला. "आरं, मला तर शमानंच सांगितलं व्हतं चांगला हाय म्हणून. पोरीचा धंदा बुडाला तवापास्नं ती अशीच बोलती. मनाला लावून घेऊ नका."

बाजारानं उजमाकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि आपापल्या जनावरांकडं तोंड फिरवलं. गेणू हसला. हसता हसता त्याला खोकला लागला, दावणीचा खुंटा धरून तो थांबेपर्यंत उभा राहिला, आणि मग ज्या बैलासाठी आला होता त्याच्या वशिंडावरून हात फिरवत म्हणाला, "चला राजूभाई, ठरवून टाकू."

राजमहंमदनं उपरणं पसरलं. आत दोघांचे हात गेले. बाहेर गेणू पाचटाच्या आणि पाण्याच्या गप्पा मारत होता. उजमा बापाचा चेहरा बघत होती, आणि मध्येच तिला तो थबकलेला दिसला. गेणूचा हात त्याच्या हातात होता, आणि त्या हातात किती ताप होता ते राजमहंमदइतकं बाजारात दुसरं कुणाला कळणार होतं? सहा महिन्यांपूर्वी त्याचा स्वतःचा हात तसाच तापायचा. त्याचे ओठ हलले.

मग त्यानं उपरणं झटक्यानं ओढून खांद्यावर टाकलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला,

"ठरलं! बैल पारगावच्या गेणूला दिला!"